मिशा जाळल्याचा वास

समईवर वाकताना आज नातीची बट जळली, आणि त्या वासानं मला थेट रत्नागिरीच्या आमच्या अंगणात नेलं.

लग्नाचं दुसरंच वर्ष. मामंजींनी मारलेला बिबट्या सकाळी अंगणात आणून टाकला होता. त्याच्या मिशा कुणी विष म्हणून वापरू नयेत, म्हणून गडी त्या झावळ्यांच्या पेटत्या चुडीनं जाळत होता.

मुंबईहून आलेले भाऊजी हसले. "राणीच्या बागेतला सिंह बघा. त्याच्यापुढे हा म्हणजे मांजर! आणि शेळी बांधून, माचावर बसून मारण्यात कसली मर्दुमकी?"

मामंजी तडकले. "मांजर? वासरू तोंडात धरून झाडावर चढतो हा! आणि गोदेची पोर नेलीन त्याने. मर्दुमकी तिला विचार."

आमच्या आगरात राबणारी गोदा अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभी होती. ती येऊन बिबट्याजवळ बसली. त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या. तिनं पुढचा पंजा उचलला. साळिंदराचा काटा रुतून तो सुजला होता, पू वाहत होता.

"हा तर लंगडा," ती म्हणाली. "मी दारातच थिजले. धावले असते तर सोडलंन असतं काय हो तिला?"

भाऊजी तिच्यासमोर उकिडवे बसले.

"नाही गो गोदे. याच्या जबड्यातून सिंहालासुद्धा काही सोडवता यायचं नाही."

त्या धडधडीत खोट्याचा मला तेव्हा संताप आला होता. आता येत नाही.

गोदेनं मात्र तो पंजा कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.