वजनकाट्यावरची साखर

आकडा बिनसला की तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचा आणि म्हणायचा, "निसर्ग चुकत नाही, भाऊ. आपलंच मोजणं चुकलं असन. पाह्य."

वाशिमच्या कॉलेजात तो आणि मी भौतिकशास्त्र शिकवायचो आणि उरल्या वेळात परदेशातल्या एका कोलायडर प्रयोगाचं काम करायचो. तिथे कण एकमेकांवर आदळवतात. त्यातून उडालेले विद्युतभारित कण चुंबकाच्या क्षेत्रात वळतात आणि त्या वळणावरून त्यांचा संवेग काढतात. तो बरोबर निघतो का, हे आम्ही तपासायचो. युक्ती साधी. ज्याचं वस्तुमान पक्कं ठाऊक आहे असा कण घ्यायचा आणि तो फुटून निघालेल्या दोन कणांच्या संवेगांवरून त्याचं वस्तुमान नव्याने काढायचं. ठाऊक होतं तेच आलं, तर मोजणी खरी.

एकदा आकडे जरासे सरकले आणि ऑनलाइन बैठकीतली पोरं हरखली, काहीतरी नवं सापडलं म्हणून. हा माझ्या कानाशी पुटपुटला, "एवढी घाई कायले?" बरेच दिवस खपून त्याने शोधलं, यंत्रातला कण टिपणारा एक थर केसाच्या जाडीहूनही कमी हलला होता, आणि त्यानेच आकडे सरकले होते. पोरांचा हिरमोड झाला. त्यांच्यापेक्षा यालाच जास्त वाईट वाटलं, पण खोटा आकडा त्याने कुणाच्या भिडेखातर पुढे जाऊ दिला नाही. बाजारात मात्र भाजीवालीच्या काट्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. "तिचा काटा तपासाचा मले पगार नाही," म्हणायचा. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. त्याच्याशी भांडता येत नाही आणि त्याच्यावाचून करमतही नाही.

तो जाऊन आता वर्ष होईल. मला अजून करमत नाही.

तो जाण्याआधीच्या उन्हाळ्यात त्याची पँट कमरेत ढिली झाली. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मागे लागून त्याला दवाखान्यात पाठवलं. सोबत मी होतो. वजन फारच उतरलं होतं. डॉक्टर गंभीर झाले. हा म्हणाला, "थांबा, तुमचा काटा वाकडा असन," आणि समोरच्या किराणा दुकानातून पाच किलो साखरेची सीलबंद पिशवी घेऊन आला. ती काट्यावर ठेवताना मला हसू आवरेना. डॉक्टरही हसले.

काट्याने पाच किलो दाखवले. त्याने पिशवी फिरवून पुन्हा ठेवली. पुन्हा पाचच.

"काटा बरोबर हाये," तो हळूच म्हणाला. डॉक्टर खाली बघून तपासण्या लिहू लागले.

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय निंगालं?"

"काही नाही वं. त्याईचा काटाच खराब हाये."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढत राहिलो.

"मी म्हणतच होती, काही नसन म्हणून," त्या म्हणाल्या. त्यांच्या जिवाला लागलेला घोर एका क्षणात उतरला. "अन् एवढी साखर कायले?"

"चहाले."

त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बसवलं आणि त्याच्या ताटात एक भाकर जास्तीची वाढली. प्रत्येक घास तो पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होता, ते मला दिसत होतं. वहिनी समोर बसून हसऱ्या तोंडाने बघत होत्या, आणि तो खाली मान घालून ती अख्खी भाकर खात राहिला.