ओळ संपली की ‘आय’
इथल्या बाजारात शिबिंत म्हणून मिळणारी शेपूची जुडी निवडायला सोडली की मला आमची रशियन शेजारीण आठवते. आई नाशिकहून व्हिजिट व्हिसावर इथं कुवेतला माझ्याकडे आली होती, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी शेजारीण उकडलेल्या बटाट्यांवर चक्क कच्चा शेपू भुरभुरून घेऊन आली. डोळे सुजलेले. तिच्या देशातली लाडकी लोकगायिका त्या सकाळी गेली होती. गायींच्या धारा काढणारी खेड्यातली पोर, पुढे मोठमोठ्या रंगमंचांवर गायली, पण डोक्याचा रुमाल कधी सोडला नाही, असं तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि मोबाइलवर गाणं लावलं. एसीच्या घरघरीवर तो जाड, मायाळू आवाज चढला. प्रत्येक ओळ संपली की ‘आय, आय’. आईच्या हातातला बटाटा हातातच राहिला. “अगं, आईला हाक मारतेय ती!” मी ते घाईनं इंग्रजीत सांगून टाकलं. शेजारीण आधी हसलीच. त्या शब्दाला काही अर्थ नसतो, नुसता सुरासाठी असतो, म्हणाली. मग तिनं गाणं पुन्हा लावलं, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली. आई तिला थोपटत राहिली. अर्थ नसतो, हे मी आईला कधी सांगितलंच नाही. गेल्या वर्षी आई गेली. परवा शेपू निवडताना मी तेच गाणं लावलं, तर लेकीनं विचारलं, “मम्मा, व्हाय इज शी सेइंग आई?” “हाक मारतेय,” मी म्हटलं, “तुझ्या आजीला.”