कोण नाय ते बघणारी कौसल्या

क्रांती चौकात रिक्षा सिग्नलला थांबली होती आणि माझा फोन वाजला. नसरीनचा होता, आमच्या जुन्या विद्यार्थिनीचा. ही पोरगी एरवी फोन उचलला की आधी हसते, मग बोलते. त्या दिवशी हसली नाही. "मॅडम... कौसल्या मॅडम गेल्या," एवढंच म्हणाली. मागचे गाडीवाले हॉर्न बडवत होते, रिक्षावाला विचारत होता, "मॅडम, सीधा लेऊ का?" आणि मी त्याच्यावरच खेकसले. कौसल्याला दवाखान्यात ठेवलंय हे मला ठाऊक होतं, रविवारी जायचं ठरवलंही होतं. पण ही बाई रविवारपर्यंत थांबली नाही. मला राग आला. अजून आहे. रडू मागाहून आलं.

बीड बायपासच्या पलीकडं, जिथं शेतं संपून प्लॉटिंग सुरू झालं होतं, तिथल्या एका माध्यमिक शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. मी गणित, ती भूगोल. मी लासूर स्टेशनकडची, घरी जमीनजुमला, बोलायला फटकळ. ती सोयगावच्या बाजूची, मेंढपाळाघरची. तिचे वडील आयुष्यभर मेंढरांमागं फिरले आणि पोरीला मात्र हट्टानं शाळेत घातलं. कौसल्याची वर्गात शिरायची एक रीत होती. हजेरीचं मस्टर उघडायच्या आधी ती दारात उभी राहायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायची आणि म्हणायची, "सुनील नाय. दीपाली नाय." कधी चुकायची नाही. मी एकदा विचारलं, हे काय गं खूळ? म्हणाली, "आमचे बाबा मेंढरं मोजत नव्हते. मोजताना चूक होती म्हणायचे. नुसतं बघायचे, नि म्हणायचे, कानतुटकी नाय. मग कुठं बी असू दे, हुडकून आणायचे." मी हसले होते. पोरं म्हणजे काय मेंढरं आहेत का, असंही म्हणाले. ती म्हणाली, "मेंढरं बरी. आईबापाची खोटी सही तरी आणत नाईत."

दुष्काळाची वर्षं होती ती. शहर चारी बाजूंनी फुगत होतं आणि नळाला आठवडा-आठवडा पाणी नव्हतं. कॉलनीत टँकर आला की शिकवणं, स्वयंपाक, भांडण, सगळं तिथंच टाकून बायका पळायच्या. अशातच संस्थाचालकांनी फर्मान काढलं. माध्यमिक अध्यापन पद्धतींचा ऑनलाइन पदव्युत्तर कोर्स जो जूनच्या आत पुरा करील, त्यालाच कायम ऑर्डर. बाकीच्यांनी तासिका तत्त्वावरच राहायचं. कौसल्याची कितीतरी वर्षं तासिकेवर गेली होती. नवऱ्याची वाळूजची नोकरी सुटलेली, घरी पोरगी दहावीला. ती मला म्हणाली, "ही ऑर्डर नाय आली ना, तर मी संपले बघ." आम्ही दोघींनी नाव घातलं. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये एकाच फोनवर डोकी जोडून व्याख्यानं ऐकायची, रेंज गेली की जिन्यात पळायचं. "अध्ययन अनुभूती म्हणजे काय गं?" असं ती विचारायची, मी वाचून सांगायची, आणि ती कपाळाला हात लावायची. "अगं बया, हे तर आपण रोजच करतो की!"

शेवटी एक पाठ घ्यायचा होता. वर्गात खरी मुलं आणि फोनच्या पडद्यावर निरीक्षक. नियम कडक. शिकवणारा पडद्याबाहेर गेला की पाठ बाद, आणि पुन्हा संधी पुढच्या सत्रात, म्हणजे जून उलटून गेल्यावर. माझा पाठ आदल्या दिवशी पार पडला होता. कौसल्याच्या पाठाला फोन धरायला मी उभी राहिले. तिनं विषय घेतला होता समोच्च रेषा. शाळेमागं अपार्टमेंटचं काम चालू होतं, तिथून वाळू आणून टेबलावर डोंगर केला होता. त्या डोंगरावर ती बोटानं आडव्या वाटा काढणार होती. मेंढरं चढण सरळ चढत नाहीत, आडवी आडवी जातात. एका उंचीवरची ती वाट म्हणजेच समोच्च रेषा. इतकं सोपं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. पोरं माना पुढं काढून बघत होती. पण मेली ती वाळू कोरडी! बोट लावलं की डोंगर घसरायचा. भिजवायला शाळेत पाण्याचा थेंब नव्हता. कौसल्याच्या कपाळावर घाम आला, तरी ती हसून म्हणाली, "असू दे, फळ्यावर काढू." फळ्याकडं वळली, डोंगर काढला, खडू टेकवला आणि मागं वळून बघितलं. मला ती नजर ठाऊक होती.

"नसरीन नाय," ती म्हणाली.

"हितंच व्हती मॅडम," कुणीतरी म्हणालं. आणि मागच्या बाकावरून दुसरं पोर, "ती पाणी आणाया गेली. डोंगराला."

कौसल्यानं खडू ठेवला. पडद्यावरून निरीक्षक म्हणाले, "मॅडम, पाठ चालू ठेवा." मी दबक्या आवाजात म्हणाले, "तू हलू नको. मी जाते तिला बघायला." ती माझ्याजवळून जाता जाता म्हणाली, "तुला ठाऊक नाय ती कुठलं पाणी आणती ते. मला ठाऊक हाय." आणि गेली. मी फोन धरून उभी. पडद्यात फळा, फळ्यावर अर्धा डोंगर, समोर वाळूचा ढीग. "अध्यापक कुठे आहेत?" निरीक्षकांनी विचारलं. "येतायत सर, आल्याच," मी म्हणत राहिले. मग मागच्या बाजूनं कौसल्याची हाक ऐकू आली. माझ्या नावाची होती, पण तसा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. फोन बाकावर टाकून मी पळाले.

अपार्टमेंटच्या जमिनीखालच्या, बांधकामासाठी टँकरनं भरलेल्या हौदाचं झाकण उघडं होतं. कौसल्या तोंडाशी पालथी पडलेली, पदर आत सोडलेला, आणि आत नसरीन एका हातानं पदर धरून, गळ्यापर्यंत पाण्यात. कौसल्याच सरकत आत चालली होती. मी तिचे दोन्ही पाय धरले आणि जीव खाऊन ओरडले. गवंडी दोर घेऊन धावत आले. पोरगी वर आली तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात पाण्याची बाटली तशीच होती. आणि म्हणाली काय, तर "मॅडम, डोंगर ढासळत होता ना..." कौसल्यानं तिला आधी एक सणसणीत चापट मारली आणि मग छातीशी असं आवळलं की सोडेचना.

कोर्सच्या निकालात दोन ओळी आल्या. पाठ अपूर्ण. वर्गनियंत्रण असमाधानकारक. मी थयथयाट केला, फोन केले, सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं की पोर्टल बंद झालंय. मला ऑर्डर मिळाली. कौसल्यानं पुढच्या सत्रात पाठ दिला, उत्तम श्रेणी मिळवली. तोवर ती जागा संस्थाचालकांच्या भाच्याला गेली होती. ही बाई शेवटपर्यंत तासिकेवर राहिली. मी एकदा विचारलं, "वाईट नाही वाटत तुला?" मला वाटलं, काहीतरी मोठ्या मनाचं बोलेल. कसलं काय! "वाटतं की. लई वाटतं. पगाराच्या दिवशी तर तुझं तोंड बघू वाटत नाय," म्हणाली. मग म्हणाली, "पण त्या दिवशी सांजच्याला वर्गावर नजर टाकली ना... सगळी व्हती गं."

नसरीन आता एका शाळेत नवीन लागली आहे. तीही असाच ऑनलाइन कोर्स करतेय. पाठाच्या दिवशी फोन धरायला कौसल्या मॅडम येणार होत्या. तसं त्यांचं कधीचं ठरलं होतं. मागच्या आठवड्यात नसरीन माझ्या दारात येऊन उभी राहिली. "तुम्ही याल का?" मी काय नाही म्हणणार?

गेले. पडद्यावर निरीक्षक आले. "सुरू करा," म्हणाले. नसरीन लगेच बोलली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं नजर फिरवली, सावकाश, एकही बाक, एकही चेहरा न सोडता. "कोण नाय?" तिनं विचारलं.

"सगळे हायेत मॅडम!" पोरं ओरडली.

तिची नजर फिरत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. नाहीत गं, सगळे नाहीत... मी मनातल्या मनात म्हणाले, आणि पडदा हलू नये म्हणून फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.