लाल गाडीच्या नाकातली जाळी

“इंजिन खोलाच लागन, भाऊ.”

गॅरेजचे मिस्त्री हे बाबांना म्हणाले. गाडी रोज चालवणारी मी, पण प्रश्न आणि उत्तरं बाबांकडेच जात होती. मी मागे टायरांच्या ढिगाजवळ उभी राहून किल्ली या हातातून त्या हातात करत होते.

गाडी दादाची. दोन सीटची, लाल, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार. घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांमध्ये ती कुणाची तरी सुटून पडलेली चप्पल वाटते. दादा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, अधूनमधून स्टार्ट करत जा. मी अधूनमधूनवर थांबले नाही. गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक वाचून काढलं. ऑइलची पट्टी ओढायची, दादाच्या जुन्या बनियनला पुसायची, परत घालून मग बघायची, हे त्यातलंच. पुस्तकात नसलेलं मिस्त्रींना विचारायचे. तेही ते बाबांकडे बघत सांगायचे. गरम गाडीचं कूलंटचं झाकण खोलायचं नाही, हे त्यांनी स्वतःच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवून सांगितलं होतं.

हळूहळू मी एकटी चंद्रपूरला जाऊ लागले. एकदा थेट ब्रह्मपुरीपर्यंत गेले, धानाच्या बांध्यांमधून, काच खाली करून. घरी कुणाला सांगितलं नाही. त्या गाडीत मला कुणाशी बोलावं लागत नाही, आणि तरी मी कुठेतरी पोचते.

मग गाडी तापायला लागली. अंगणात नुसती चालू ठेवली की तापमानाचा काटा मध्यावर, रस्त्याला लागली की वर वर. ट्रकामागून जाताना माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. बाबांनी जेवताना निकाल देऊन टाकला होता : इंजिनचं काम निघालं तर गाडी आहे तशी विकायची. चंद्रपूरचा एक जण घ्यायला तयार होता. दादाही फोनवर हो म्हणाला होता.

त्या सकाळी गॅरेजला निघण्याआधी मी कूलंट बघितलं. बरोबर होतं. मग टायर बघायला म्हणून खाली वाकले, आणि या गाडीचं काही बघायचं तर वाकून भागत नाही, झोपावं लागतं. झोपले. पुढच्या जाळीआड, रेडिएटरच्या तोंडावर, एक काळा थर दिसला. बोट लावलं तर टणक.

ती बाबांची मच्छरदाणीची जाळी होती. आमच्याकडे धुळीसाठी कूलरला, खिडकीला, सगळ्याला जाळी बांधतात. बाबांनी गाडीलाही बांधली होती, आतून, बाहेरून दिसू नये अशी. वर रोज सकाळी पाइप लावून गाडी धुवायचे. कोळशाची धूळ, सिमेंटची धूळ आणि रोजचं पाणी. प्लास्टर झालं होतं त्याचं. गाडीला श्वासच घेता येत नव्हता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाबांना त्या जाळीचा फार अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, कंपनीलाही सुचलं नाही ते मी केलं. आणि माझी खात्री तरी कुठे होती? पुस्तकात जाळीबद्दल काहीच नव्हतं. वाटेत दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा एसी वाढवला.

आता गॅरेजमध्ये चहा आला होता. टायर बदलायला थांबलेला एक ट्रकवाला गाडीभोवती फेरी मारून मला म्हणाला, “काऊन ताई, तुमचं पुस्तक काय म्हणून राह्यलं? इंग्लिशमधी तापते का मराठीत?”

सगळे हसले. बाबाही, थोडे. मीही हसले, कारण मला अशा वेळी दुसरं काही येत नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, जाऊ द्या मिस्त्री, खोलू नका. खिशातून फोन काढला आणि चंद्रपूरच्या माणसाचा नंबर शोधू लागले. चष्मा घरी राहिला होता म्हणून फोन लांब धरून. मी त्यांचा अंगठा बघत होते. वर सरकत होता, थांबत होता, परत सरकत होता.

माझ्या हातातली किल्ली घामाने ओली झाली होती. मी टायरांपासून निघाले, गाडीच्या पुढे गेले आणि सगळ्यांसमोर त्या काळ्याकुट्ट फरशीवर आडवी झाले. ओढणी आधी कमरेला बांधली होती. बाबांच्या चपला गाडीजवळ येऊन थांबल्या.

“बाबा, फोन नका लावू,” मी खालूनच म्हणाले. “तुम्ही बांधलेली जाळी बुजली आहे. मिस्त्रीकाका, पक्कड द्या. मी काढते.”