स्केटबोर्डवाली सवत

शुक्रवारी पुण्याच्या क्लायंट मॅडम आमचा गेम बघायला येणार होत्या, आणि बुधवारी दुपारी माझी अख्खी टीम दुसऱ्याच गेमला चिकटून बसली होती.

मी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका छोट्या स्टुडिओत गेम डिझायनर आहे. डिझायनर म्हणजे चित्रं काढणारी नव्हे. खेळाडूने काय केलं की काय व्हायचं, ते नियम ठरवणारी. खानापूरला आई सगळ्यांना सांगते, पोरगी कॉम्प्युटरात आहे. तेवढं पुरतं. आम्ही मोबाइलसाठी स्केटबोर्डचा गेम करत होतो. मॅडमना पटला तर पुढचं काम आमचं, नाहीतर टीम मोडणार, असं स्टुडिओ चालवणाऱ्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्यात आमचा ॲनिमेटर विनायक घरातला गेम खेळायचा जुना कन्सोल घेऊन आला आणि ऑफिसच्या टीव्हीला जोडून मोकळा झाला. म्हणे रेफरन्स. त्यात माझ्या शाळेच्या दिवसांतला एक स्केटबोर्डचा गेम. माणसांची तोंडं चौकोनी, झाडं पुठ्ठ्याची. तरी लंच ब्रेकला त्याच्यापुढे रांग! आमचा गेम टेस्ट करा म्हटलं की मात्र प्रत्येकाला नेमका फोन यायचा. माझा नुसता जळफळाट होत होता. सवत तरुण असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. ही म्हातारी होती.

"आक्का, एक डाव खेळून बघ की," विनायक म्हणाला.

"मला न्हाय वेळ. शुक्रवारी काय दाखवायचं ते बघ तू आधी."

"अगं, दोन मिनिटांचा तर डाव हाय."

गुरुवारी लंच ब्रेकला सगळे खाली चहाला गेल्यावर मी बसले. हेतू एकच, दोष काढायचे आणि चारचौघांत सांगायचे.

उडी मारायची, हवेत गिरकी घ्यायची, कठड्यावरून घसरत जायचं. अशा करामती न थांबता एकमेकींना जोडल्या की त्याला कॉम्बो म्हणतात. कॉम्बो लांबला की गुण भराभर वाढतात, पण नीट जमिनीवर उतरलात तरच ते तुमचे. मध्येच आपटलात तर त्या कॉम्बोचं सगळं गेलं. म्हणजे सारखा एकच प्रश्न. उतरू, की अजून एक करू? मी अजून एक केली. आपटले. एक शिवी हासडली. तोवर पडद्यावरचा माझा गडी उठून उभासुद्धा राहिला होता, म्हणून मीही लागले परत.

"आक्का, डबा तसाच हाय व्हय गं?" मागून विनायक म्हणाला. त्याच्याशेजारी सर उभे.

"काय, सापडला दोष?" सरांनी विचारलं.

"सापडला. आपल्या गेममध्ये."

आमच्याकडे पडलं तरी गुण शाबूत राहायचे. खेळाडूला वाईट वाटू नये हा माझाच हट्ट. शिवाय पडल्यावर विनायकने केलेलं देखणं पडणं दिसायचं. बोर्ड घरंगळत जातो, धूळ उडते, पोरगा शर्ट झटकतो. मग पाटी, 'पुन्हा खेळायचं?' तोवर राग थंड झालेला असायचा, आणि माणूस फोन खाली ठेवायचा.

"ते पडणं काढायचं?" विनायकचा चेहरा उतरला. "किती खपलोय मी त्याच्यावर, ठाऊक हाय न्हवं तुला?"

"ठाऊक हाय रं. पण तुझं पडणं संपायच्या आत लोकं उठून जात्यात."

तो पाय आपटत जागेवर गेला. पण ॲनिमेशन त्यानेच छाटलं, अगदी क्षणभराचं ठेवलं. पडलं की कॉम्बोचे गुण जातील, हा नियम मी घातला.

शुक्रवारी मॅडम खेळायला बसल्या. चांगला लांब कॉम्बो जोडला आणि आपटल्या. "शी!" म्हणाल्या.  पण मान वर न करता त्यांनी परत उडी मारली. सरांनी कॉफी विचारली, तर नुसता हात हलवून थांबवलं. काम आम्हाला मिळालं.

यातून मी शिकले ते एवढंच. खेळाडूला फार जपू नये. त्याचं नुकसान होऊ द्यावं, फक्त उठायला उशीर लावू नये. जुन्या गेमवाल्यांना हे तेव्हाच कळलं होतं, याचा मला आजही राग येतो.

सोमवारी लंच ब्रेकला बघते तर विनायक पुन्हा त्याच टीव्हीसमोर.

"आता तरी आपला गेम खेळ की रं!"

"ते काम हाय, आक्का," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "ह्यो गेम हाय."

 मी डबा घेतला आणि त्याच्यामागे रांगेत उभी राहिले.