निकाल शून्य

मी समाजशास्त्र शिकवते. अंगात येणं, करणी, दृष्ट... यांच्यामागची सामाजिक कारणं आजवर वर्गात सांगत आले. आपल्यालाच असं काही लिहावं लागेल, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

माझी पीएचडी केळीच्या बागांत राबणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींची शाळा का सुटते, यावर आहे. मागच्या उन्हाळ्यात संदर्भ शोधायला मी फैजपूरहून जळगावच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत जायचे. सोबत मैत्रीण संगीता. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर मी आणि शेजारी खुर्ची ओढून ती.

त्या दुपारी शिक्षणविषयक लेखांचा डेटाबेस माझ्या खात्यातून उघडून नेहमीचे शब्द टाकले — मुली, गळती, स्थलांतर. निकाल शून्य. आदल्या दिवशी याच शब्दांवर ढीगभर लेख आले होते. एकेक शब्द कमी करत गेले... शून्यच. शेवटी नुसतं 'एज्युकेशन' टाकलं. तरी शून्य! संगीता हसायला लागली. "घे, शिक्षणच संपलं," म्हणाली.

वैतागून मी बसल्या जागेवरूनच काउंटरवरच्या नानांना विचारलं. नाना म्हणजे तिथले ग्रंथपाल, धुळ्याकडचे. त्यांनी स्वतःच्या मशीनवर पाहिलं आणि म्हणाले, "ताई, मन्हाकडे तं बठ्ठं दखाई राह्यनं. या ना आठे." त्यांच्याकडे सगळं दिसत होतं, म्हणून तिकडे बोलावत होते.

आम्ही दोघी उठून काउंटरपाशी पोचतोय तोच मागे धाडकन आवाज झाला. छताच्या प्लॅस्टरचा परातीएवढा ढलपा माझ्या खुर्चीवर कोसळला होता. खुर्चीची पाठ मोडून लोंबत होती. संगीताच्या खुर्चीवर विटेएवढे तुकडे. नानांनी पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी घरून त्याच डेटाबेसमध्ये लॉगिन केलं. कोणते शब्द शोधले, किती निकाल आले, हे खात्यात दिसतं. त्या दुपारचे माझे सगळे शोध तिथे होते — आणि प्रत्येकापुढे शेकड्यांनी, हजारांनी निकाल. 'एज्युकेशन'पुढे तर लाखांनी. शून्य एकदाही नाही.

मी संगीताला फोन केला. ती हळूच म्हणाली, "वैशाली, शून्य मीपण पाहिलंय गं."

नेटचा घोळ असेल म्हणाल... मीही तेच धरून चालले होते. डेटाबेसवाल्यांना मेल केला. त्या दुपारी काहीच बिघाड नव्हता, असं उत्तर आलं.

मग आम्ही दोघींनी स्क्रीनवर काय पाहिलं? मला आजही सांगता येत नाही. पण ते शून्य दिसलं नसतं, तर आम्ही त्या खुर्च्यांवरून उठलोच नसतो.