बंद लेसरचा पाऊण तास

ताम्हिणी घाटात रात्री-अपरात्री काय काय दिसतं, हे सांगणारी माणसं आमच्या नात्यात भरपूर आहेत... आणि "फोटो आहे का?" असं विचारून त्यांना गप्प करणारी मी एकटी. त्यामुळे हे लिहिताना फार संकोच वाटतोय. पण खरं सांगते, त्या दिवसाची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नाही.

मी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. म्हणून असेल, पण "माहीत नाही" म्हणायची मला भयंकर भीती वाटते. तेवढं म्हटलं की सगळ्यांना कळेल, ही पोरगी इथं चुकून आलीय... असं वाटत राहतं.

माझा प्रोजेक्ट असा. एक लेसर पिरंगुटजवळच्या लॅबमध्ये. दुसरा तिथून चाळीसेक किलोमीटरवर ताम्हिणीला, आमच्या शेताच्या कडेला ठेवलेल्या कंटेनरमध्ये. मध्ये रस्त्याकडेनं पुरलेली फायबरची केबल. हे लेसर टॉर्चसारखा सलग प्रकाश देत नाहीत, ठोके पडावेत तसा सोडतात. दोघांचे ठोके एकाच क्षणी पडले पाहिजेत. क्षण केवढा? एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, आणि त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा शंभर कोटी! उन्हानं केबल केसभर लांबली तरी जुळणी बिघडते, आणि यंत्र ती सतत सावरत असतं. जुळलेलं असेल तर लॅबच्या स्क्रीनवर हिरवा दिवा आणि सपाट रेघ. तिकडून प्रकाश येणं थांबलं तर लाल.

ही जुळणी सलग आठ तास टिकली तरच माझा प्रोजेक्ट पुरा होणार होता. आधी तीनदा तुटली होती. आता एकच दिवस हातात होता, कारण दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी आणि लगेच रिपोर्ट द्यायचा होता.

सकाळी नऊला सुरुवात केली. दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहीत होते. साधारण अकरानंतर रेघ इतकी सपाट झाली की मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. इतकी छान रेघ लॅबमध्ये कुणीच पाहिली नव्हती! मध्ये एकदा माझं कोपर टेबलाला लागलं, रेघ टुणकन उडाली आणि परत जागेवर बसली.

राहवेना. बाराच्या सुमारास वडिलांना फोन लावला. कंटेनरची किल्ली आण्णांकडेच असते.

"आण्णा, रेघ बघायला पाहिजे होती तुम्ही! एकदम सरळ!"

"व्हय? मग पूजा पावली म्हनायची."

"कसली पूजा?"

"अगं, आज खंडेनवमी न्हवं का? नांगर, कोयते, विळे समदी आवजारं पुजली. म्हनलं, तुझं यंत्र तेवढं कशापायी ऱ्हावं? बंद केलं, पुसलं, हार घातला."

"बंद... केलं?"

"मग? चालू आवजाराची कुनी पूजा करतं का? वरीसभर राबतंय ते, पाऊन तास इसावा नको? आत्ता केलंय परत चालू. तू शिकीवल्याली बटनं, त्याच वळीनं."

फोन कानालाच धरून मी वळले. स्क्रीनकडे बघितलं. दिवा हिरवा.

लेसर एकदा बंद केला की तापून परत जुळायला अर्धा दिवस जातो. आणि इथं सकाळपासून दिवा एकदाही लाल झाला नव्हता.

खरं लिहिते... मनात आलं, गप्प बसावं. आण्णांना आणि मलाच ठाऊक होतं. पाच वाजता आठ तास पुरे होणार होते. पण वहीतल्या त्या आकड्यांकडे बघवेना. मी उठले आणि माझ्या प्रोजेक्टच्या गाईड असलेल्या मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

मॅडमनी सरळ आण्णांना फोन लावला. "काका, मेन स्विच बंद केला, पण यूपीएस चालू असेल ना?"

"त्यो डबा? टीं टीं करत व्हता. त्याचं बी बटन दाबलं."

मॅडम हसायला लागल्या, आणि मग एकदम थांबल्या. "स्क्रीन हँग झाली असेल," त्या म्हणाल्या. मी वही दाखवली. प्रत्येक आकडा वेगळा. कोपर लागल्याची नोंदसुद्धा होती, अकरा वीसची.

पाच वाजले तरी दिवा हिरवाच. आम्ही तडक ताम्हिणीला गेलो. लेसरच्या झाकणावर झेंडूचा हार, हळदकुंकू. तिथल्या कॉम्प्युटरची नोंद काढली. अकरा वाजून दोन मिनिटं ते अकरा सत्तेचाळीस, कोरी. म्हणजे तिकडं सगळं बंद होतं, आणि इकडं त्याच पाऊण तासातली रेघ सगळ्यात सपाट होती!

आण्णा दारात हात बांधून उभे. "माझं काय चुकलं का, मॅडम?"

"नाही काका. बंद असताना काही वेगळं जाणवलं?"

आण्णांनी आपला तळहात उलटून बघितला. "हार घालताना झाकनावर हात ठिवला व्हता. आतनं लई बारीक काय तरी लागत व्हतं. दमल्याल्या बैलाच्या मानंवर हात ठिवला की लागतं तसं."

सुट्टीनंतर, रिपोर्ट देऊन झाल्यावर, आम्ही मुद्दाम चार वेळा तो लेसर बंद करून बघितला. डोळ्याची पापणी लवायच्या आत लाल. चारही वेळा.

रिपोर्टमध्ये मी आठ तास लिहिले नव्हते. सव्वासात तास लिहिले होते, आणि उरलेला पाऊण तास वेगळ्या ओळीत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे कशामुळे झालं?"

मी वही मिटली. 

"माहीत नाही, सर."

त्यांनी चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "परत एकदा सांगा बघू, पहिल्यापासून."

तासभर आम्ही दोघं त्या रेघेवर वाकून बसलो होतो. प्रोजेक्ट पास झाला. त्या रेघेचं कारण मात्र त्यांनाही सापडलं नाही... मला तर आजही माहीत नाही.